फिन्लेची लंगडी जिग

एफी फिन्लेला आपण कधी घाबरलो नाही असं सांगणारा माणूस ग्लेनडूमध्ये भेटला, तर खुशाल समजावं की तो बॉस्टनहून आलेला पाहुणा आहे, नाहीतर धडधडीत खोटं बोलतो आहे. या बाईचा राग नुसता नाकावर नव्हता. तो घरभर होता, अंगणात होता, फाटकावर होता. फाटक नीट न लावता आत आलेल्या पोस्टमनला तिने एकदा असं झापलं की त्यानंतर तो तिचं टपाल चर्चच्या पायरीवर ठेवून पळ काढायचा.

आमच्या ग्लेनडूच्या खोऱ्यात निम्मी घरं मॅकइकनांची. नुसतं एफी मॅकइकन म्हटलं तर चार बायका वळून बघणार. म्हणून आमच्याकडे नावापुढे बापाचं नाव जोडतात आणि आडनाव थडग्यावर कोरण्यापुरतं ठेवतात. ही फिन्लेची मुलगी, म्हणून एफी फिन्ले. खोऱ्याच्या वरच्या टोकाला काही गाई, एक म्हातारा घोडा आणि बापाचं फिडल, म्हणजे व्हायोलिन, एवढं घेऊन एकटी राहायची. लग्न का केलं नाहीस, असं विचारायचं धाडस दुकानदार नीलच्या बायकोने, मर्डीनाने, एकदा केलं होतं.

"घरात जनावरं पुरेशी आहेत," एफी म्हणाली आणि चहाची पुडी उचलून चालती झाली.

पण नाच म्हटला की एफीशिवाय पान हलत नसे. हॉलच्या कोपऱ्यात टेबल, टेबलावर खुर्ची, खुर्चीवर एफी, आणि तिच्या दोन्ही टाचा टेबलावर अशा आपटायच्या की शेजारी ठेवलेला चहाचा कप सरकत सरकत कडेला यायचा. दिवसभर तिला शिव्या घालणाऱ्यांचे पायसुद्धा संध्याकाळी तिच्याच गजावर हलायचे. हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि त्यामुळे ती जास्तच माजली होती, असं माझं स्पष्ट मत आहे.

आमच्या नाचाच्या फेऱ्या तीन. पहिल्या दोन जिगवर, म्हणजे सहा मात्रांच्या डुलत्या चालीवर. तिसरी रीलवर, ती नुसती पळापळ. तिसरीला कोणीही वाजवावं आणि कोणीही नाचावं. माणसाची खरी परीक्षा दुसऱ्या फेरीला, कारण ग्लेनडूमध्ये दुसऱ्या फेरीला फिन्लेची लंगडी वाजायची.

तिला लंगडी का म्हणायचे ते सांगतो. फिन्लेच्या काळात हॉल नव्हता, नाच शाळेत व्हायचा. बाकं बाहेर काढता यायची, पण खोलीच्या ऐन मध्यात लोखंडी शेगडी होती आणि तिचं धुराडं छताला जोडलेलं. दुसऱ्या फेरीला दोन्हीकडून जोड्या पुढे यायच्या, आणि धून संपायला अजून दोन पावलं शिल्लक असताना शेगडी समोर उभी राहायची. एका हिवाळ्यात सेरा नावाच्या नव्या नवरीच्या झग्याने पेट घेतला. कोणीतरी बादली ओतली, सेराने नवऱ्याला झापलं, नवऱ्याने फिन्लेला.  पुढच्या नाचाला फिन्ले नवीन जिग घेऊन आला. तिच्या दुसऱ्या भागाच्या शेवटची दोन पावलं त्याने कापलीच होती. धून लवकर वळायची आणि तिच्यामागे जोड्या लवकर वळायच्या, शेगडीच्या अलीकडे, हातभर अंतर राखून. बाहेरगावचा माणूस असला की तो सरळ पुढे जाऊन चटका खायचा, आणि आमची माणसं पोट धरून हसायची.

पुढे शाळा पाडली. शेगडी भंगारात गेली. चर्चने ऐसपैस हॉल बांधला. पण जिग कापलेली होती तशीच राहिली. फिन्ले वारला, मग एफी वाजवू लागली. मोकळ्या हॉलच्या मध्यावर, काही नसलेल्या जागेला वळसा घालून, ग्लेनडूची माणसं वर्षानुवर्षं नाचत राहिली. कोणाला त्यात काही विचित्र वाटलं नाही.

ती दोन पावलं परत जोडली लॉकीने.

लॉकी एफीच्या चुलत्याचा मुलगा. दोघंही फिन्लेच्याच स्वयंपाकघरात शिकली, एकाच पिठाची पोळी, एकाच गजाचा मार. लॉकीचा हात मऊ, एफीचा कडक. फिन्ले लॉकीचं कौतुक करायचा आणि एफीच्या चुका काढायचा, आणि एफीने त्याचा सूड बापावर न उगवता चुलतभावावर उगवला. लॉकी तरुणपणीच सुतारकामाला बॉस्टनला गेला, तिकडच्या नाचघरांतून वाजवू लागला, त्याचं नाव झालं. आणि एका वसंतात, समुद्रातला बर्फ नुकता फुटला होता तेव्हा, त्याची तबकडी नीलच्या दुकानात आली.

एफी मीठ घ्यायला गेली होती. मर्डीनाने मोठ्या हौसेने ग्रामोफोनची किल्ली फिरवली. "ऐक गं, आपला लॉकी!"

एफीने ऐकलं. पहिला भाग झाला, दुसरा भाग आला, शेवट आला, आणि तिथे धून वळलीच नाही. दोन पावलं तशीच ऐटीत पुढे चालत गेली, गुळगुळीत, गोड.

"काय म्हणतात हिला?" एफीने विचारलं.

"तबकडीवर छापलंय ना. 'लॉकीची जिग'."

आमच्याकडे एखाद्या वादकाची धून तो जिवंत असेपर्यंत दुसऱ्याने जाहीर वाजवायची नाही, असा रिवाज आहे. तो गेला की ती त्याच्या घरची. मग घरच्यांना विचारायचं. हा रिवाज कोणी मोडत नाही, दारू प्यायलेला माणूससुद्धा. लॉकीला हे माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? एफीने ग्रामोफोनची सुई उचलली, तबकडी काढली आणि ती मर्डीनाच्या हातात इतक्या हळूच ठेवली की मर्डीनाला आरडाओरडा बरा वाटला असता.

"शेगडीत गेला मेला," एफी म्हणाली. "सरळ शेगडीत गेला, आणि वर आपलं नाव लावून गेला."

उन्हाळा येईस्तोवर तबकडी रेडिओवर लागायला लागली. पोरंपोरी तीच गुणगुणायची. खालच्या गावांतून तर ती सरळच नाचली जाऊ लागली. आणि जुलैमध्ये चर्चची जत्रा आली.

जत्रेच्या आधी फादर रॅनल्ड एफीच्या घरी आले. फाटक त्यांनी दोनदा तपासून लावलं. एफीने चहा ठेवला, ओटच्या पोळ्या ठेवल्या, लोणी ठेवलं. आमच्याकडे दुष्मनालाही चहाशिवाय पाठवत नाहीत, मग फादर तर फादर.

"लॉकी येतोय यंदा," फादर म्हणाले. "लांबलांबून लोक येणार आहेत त्याला ऐकायला. मला वाटलं, तुम्ही दोघांनी आळीपाळीने वाजवावं."

"वाजवू दे की. मी कुठे त्याचा गज धरून ठेवलाय?"

"आणि ती दुसऱ्या फेरीची जिग..." फादर पोळीकडे बघत म्हणाले, "ती आता सगळ्यांना तबकडीसारखीच येते, एफी. पोरं अडखळतात तुझ्या चालीवर. मागच्या खेपेला एकीचा पाय मुरगळला. तेवढी सरळ वाजवलीस तर?"

"फादर, तुम्ही प्रार्थनेतलं एक वाक्य सरळ करून बघा आधी. लोकांना लांब वाटतं म्हणून."

"प्रार्थनेने कोणाचा पाय मुरगळत नाही."

"मग तुम्ही नीट म्हणत नसाल."

फादर उठले. माणूस वाईट नव्हता, पण हॉलच्या छताची काळजी त्यांना फिन्लेच्या जिगपेक्षा जास्त होती आणि जत्रेवरच छत अवलंबून होतं. दारात ते म्हणाले, "या वेळी कोणी पडलं, तर पुढच्या वर्षीपासून मी दुसरं कोणी बघेन. नाचाला, जत्रेला, सगळ्यालाच. सांगून ठेवतो."

म्हणजे एफीपुढे सरळ हिशेब होता. लंगडी वाजवली तर जागा जाणार. सरळ वाजवली तर बापाची धून ग्लेनडूमधूनच उठणार, तीही तिच्या स्वतःच्या हाताने.

जत्रेच्या दिवशी लख्ख ऊन होतं. चर्चमागच्या गवतात फळ्यांचं मोठं व्यासपीठ बांधलं होतं, नाचायला फळ्याच फळ्या आणि कडेला वादकांची जागा. पियानो बैलगाडीतून आणून वर चढवला होता आणि पियानोवाली जेसी त्याच्यासमोर घामाघूम बसली होती. एका तंबूत खेकड्यांची आणि शेवंडांची जेवणं, दुसऱ्यात चहा, आणि गोठ्यामागे पुरुषांची बाटली. लॉकी दुपारी आला. केस पांढरे, बूट चकचकीत, आणि आमच्या खोऱ्यातल्या गेलिक बोलीला बॉस्टनचा वास.

"एफी! अजून तशीच दिसतेस गं."

"तू नाही. तू तर पार सरळ झालास."

भोवतीचे हसले. लॉकीही हसला, पण त्याचे कान लाल झाले. "फिन्लेकाका असते तर खूश झाले असते," तो म्हणाला. "त्यांची धून न्यूयॉर्कपर्यंत ऐकतात लोक."

"त्यांची? तबकडीवर तर दुसऱ्याच कोणाचं नाव वाचलं मी."

"ते कंपनीवाले छापतात, माझ्या हातात नाही. आणि शेगडी कुठे राहिली आता, एफी? कशाला लोकांना अडखळवायचं?"

"लोकांना नाही अडखळवत. परक्यांना अडखळवते."

पहिली फेरी लॉकीने वाजवली. खोटं कशाला बोलू, सुरेख वाजवली. व्यासपीठ भरून गेलं, बॉस्टनच्या मुली टाळ्या पिटत होत्या. मग एफी खुर्चीत बसली. जेसीने वाकून विचारलं, "कुठली?"

"तुला माहीत आहे कुठली."

"फादर बघतायत हो, एफीबाई."

"बघू दे. डोळे देवाने दिलेत त्यांना."

पहिला भाग सगळ्यांना सारखाच. दुसरा भाग आला, जोड्या समोरासमोर पुढे आल्या, आणि धून वळली. मग जे झालं ते जत्रेत आजही सांगतात. तरुण पोरं सरळ गेली, तोवर धून मागे फिरली होती, आणि पोरं एकमेकांच्या अंगावर आदळली. बॉस्टनची एक मुलगी फळ्यांवर बसली ती बसलीच. कोणी म्हातारीला शिवी दिली, कोणी जेसीला. "नीट वाजव की गं थेरडे!" असं खालच्या गावचा एक जण ओरडला. एफीने टाचा आणखी जोरात आपटल्या आणि पुन्हा सुरुवात केली.

पण सगळीच नव्हती अडखळली. गर्दी बाजूला झाली आणि मध्ये ग्लेनडूच्या दोन-तीन म्हाताऱ्या जोड्या उरल्या. त्यांत ह्युई लोहार होता. कुंपणावरून भांडण झाल्यापासून त्याने एफीशी एक शब्द बोललेला नव्हता, आणि तिच्या घोड्याला नालसुद्धा ठोकून दिली नव्हती. तोच ह्युई बायकोचा हात धरून पुढे आला, हातभर अंतर राखून वळला, परत आला, परत वळला. मान खाली, चेहरा आंबट. नाचताना त्याने एफीकडे एकदाही बघितलं नाही.

एफीने मात्र त्याच्याकडेच बघत शेवटपर्यंत वाजवलं. मग फादर रॅनल्ड वर आले आणि त्यांनी तिच्या गजावर हात ठेवला. "पुरे," ते म्हणाले. एवढंच. एफीने फिडल पेटीत ठेवलं, कोणाकडे न बघता गवतातून चालत घोडागाडीकडे गेली. मागे लॉकीची जिग सुरू झाली आणि व्यासपीठ पुन्हा भरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दूध काढून आत आली तर लॉकी दारात उभा. फाटक नीट लावलेलं होतं, ते तिने आधी बघितलं. हातात फिडलची पेटी, डोळे सुजलेले.

"चहा घे," ती म्हणाली. बस म्हणाली नाही.

तो बसला.  "काल लंगडी ऐकली," तो म्हणाला. "इतक्या वर्षांनी. तिकडे नाचघरं मोठी असतात, एफी. सुरुवातीला लोकांसाठी म्हणून सरळ केली. मग तीच हातात बसली. पहाटेपासून बघतोय, मला कापताच येत नाही. बोटं आपोआप पुढे जातात. कुठे सोडायचं तेच आठवत नाही मला."

एफी भांडी आवरत राहिली.

"मला दे परत," लॉकी म्हणाला. "नव्या तबकडीवर घेतो. काकांच्या नावाने. 'फिन्लेची लंगडी' असं छापायला लावतो, नाही छापलं तर करत नाही म्हणून सांगतो. शपथ घेतो हवी तर."

आमच्याकडे धून द्यायची म्हणजे गुडघ्याला गुडघा लावून बसायचं आणि हळू, अगदी हळू वाजवून द्यायची, घेणाऱ्याची बोटं वळेपर्यंत. एफीने हात पुसले. भिंतीवरून फिडल काढलं. खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली. तार लावली. हे लॉकीनेच नंतर लोकांना सांगितलं, आणि सांगताना तो रडला, म्हणून मी ते खरं मानतो. गज तारेवर टेकला होता.

"बरं झालं बाई," लॉकी सुटकेने म्हणाला. "नाहीतरी तुझ्यामागे आहे कोण?"

वाईट हेतूने नव्हता म्हणाला. खरंही होतं ते. पण फिन्ले तिच्या चुका काढायचा तेव्हा हाच लॉकी शेजारी बसून असंच मऊ बोलायचा, आणि ते सगळं एका क्षणात तिच्या डोक्यात गेलं. तिने गज उचलला.

"कोणी नाही," ती म्हणाली. "म्हणून माझ्याबरोबरच जाईल ती."

"एफी, वेडेपणा करू नकोस. माझ्यावर राग आहे ना? काकांवर कशाला काढतेस?"

"तुझी सरळ आहे ना? ती वाजव. मरेपर्यंत वाजव. चहा संपव आणि नीघ."

त्याने विनवण्या केल्या. पुढ्यात बसून हात जोडले. पार शेवटी शिव्याही दिल्या, आणि त्या मात्र त्याने अस्सल ग्लेनडूच्या दिल्या. एफी जागची हलली नाही. तो गेल्यावर ती खुर्चीत तशीच बसून राहिली आणि सायंकाळी गाई फाटकाशी हंबरायला लागल्या तेव्हा उठली.

फादर बोलल्यासारखे वागले. नाचाला खालच्या गावचा वादक येऊ लागला. एफी घरी एकटीच वाजवायची, दारंखिडक्या लावून. रस्त्यावरून जाणाऱ्याला टाचांचा आवाज यायचा, धून ऐकू येत नसे. मर्डीना एकदा धीर करून म्हणाली, कोणा पोरीला तरी शिकव. तर तिला उत्तर मिळालं, की आधी तुझा ग्रामोफोन विहिरीत टाक. अशी बाई. तिच्याबद्दल हळहळावं म्हटलं तर तीच हळहळू देत नव्हती.

पुढे एका मार्चमध्ये, बर्फ वितळून सगळीकडे चिखल झालेला असताना, एफी न्यूमोनियाने गेली. लॉकी बॉस्टनला होता, रस्ते बंद होते.

आमच्याकडे वादकाला दफनभूमीच्या फाटकापासून खड्ड्यापर्यंत त्याच्या घरच्या धुनेवर नेतात. संथ लयीत वाजवतात, खांदेकरी त्या लयीत पाय टाकतात. फिन्लेला असंच नेलं होतं. म्हणून आसपासचे तीन वादक फिडल घेऊन फाटकाशी आले, आणि लंगडी सुरू केली. दुसऱ्या भागाच्या शेवटी एकाने एका ठिकाणी कापली, दुसऱ्याने दुसऱ्या, तिसरा वाजवतच राहिला. थांबले. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच.

"अशी नाही रे, गाढवांनो!" ह्युई लोहार ओरडला. तो काठी टाकून पुढे आला. "हे बघा. इथे वळायचं. या पायावर." त्याने चिखलात दोन पावलं टाकली, गुडघ्यातून कळ आली, तो फाटकाला धरून उभा राहिला. पाय सांगत होते, पण धून त्याला गाता येत नव्हती. ती गायची कधी गरजच पडली नव्हती त्याला. ती एफी वाजवायची.

वादक आपसांत भांडायला लागले. एक म्हणे तू बहिरा आहेस, दुसरा म्हणे तुझ्या बापानेही कधी ऐकली नव्हती. शवपेटी खांद्यावर तशीच.

"ठरवा लवकर," खांदेकऱ्यांतला एक जण कुरकुरला. "ही मेल्यावरसुद्धा हलकी नाही."

फादर रॅनल्डनी घड्याळ बघितलं. "रेडिओवरची वाजवा," ते म्हणाले. "ती सगळ्यांना येते."

ती खरंच सगळ्यांना येत होती. वादकांनी लॉकीची जिग धरली, सावकाश, आणि पेटी हलली. दुसऱ्या भागाच्या शेवटची ती दोन पावलं भरभक्कम आली, आणि खांदेकऱ्यांनी तीही टाकली. फाटकापासून खड्ड्यापर्यंत कोणाचंही पाऊल चुकलं नाही.